अकरा ते अकरा दहा

२ सप्टेंबर, सोमवार

मॅडमनी फर्मावलंय: प्रत्येकाने एक खाजगी दैनंदिनी लिहायची. त्या ती मागणार नाहीत, वाचणार नाहीत, तिला गुण देणार नाहीत. बावीस वर्षं इस्पितळात काढल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, की जे कुणी तपासत नाही ते कुणी लिहीत नाही. तरी बसलेय लिहायला. माझं बोलणं अर्ध्यावर आलं की नवरा घोरायला लागतो. वहीला ती सोय नाही.

तर मी. वय सत्तेचाळीस. ऑपरेशन थिएटरची नर्स. माझे पेशंट झोपून यायचे आणि झोपूनच जायचे. एखादा मध्येच बोलायला लागला तर भूलतज्ज्ञाकडे नुसतं बघायचं, प्रश्न मिटला. आता गुडघा कुरकुरायला लागला, आठ-आठ तास उभं राहवेना, म्हणून बदली मागितली. मिळाली ती मनोरुग्ण विभागात. तिथे जायचं तर आधी सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा. विषय: मानसिक आरोग्य परिचर्येची मूलतत्त्वे. जिथे सगळा उपचारच बोलण्यातून चालतो, तिथे मला पाठवलंय. वरिष्ठांना विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वर्गात अठरा पोरं, सगळी एकोणीस-विशीतली. मी आत शिरले तर पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उठून म्हणाली, “मॅडम, हजेरी आधी घेणार का?”

म्हटलं, “तूच घे बाई. मीही तुझ्याच वर्गात आहे.”

तेव्हापासून मी काकू. खऱ्या मॅडम दहा मिनिटांनी आल्या. माझ्याहून चांगल्या नऊ वर्षांनी लहान, आणि आवाज इतका हळू की तो ऐकायला वर्ग आपोआप गप्प बसतो. थिएटरमध्ये हेच काम मी ओरडून करायचे.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज वॉर्ड पाहिला. आरसा काचेचा नाही, पत्र्याचा. त्यात माणूस जरा पुसट दिसतो, म्हणजे माझ्या वयाला सोयीचा. पडद्यांना लोखंडी दांडी नाही. पायजम्यांना नाड्या नाहीत. जेवण झालं की चमचे मोजतात, आणि आकडा जुळेपर्यंत कुणी टेबलावरून उठत नाही. हे मात्र आवडलं. थिएटरमध्ये गॉझचा एक तुकडा कमी भरला म्हणून मी मोठमोठ्या सर्जनांचे हात टाके घालताना थांबवले आहेत.

वॉर्ड ज्यांच्या ताब्यात आहे ते ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. सहा फुटी देह, कमरेला किल्ल्या, आणि चाल अशी की किल्ली वाजत नाही. मी विचारलं, “ब्रदर, इथे भीती नाही वाटत?” ते म्हणाले, “वाटते ना. नवीन विद्यार्थी आले की फार.”

दुपारी मॅडमनी तीन पानांची यादी वाटली: पेशंटशी बोलताना काय टाळावं. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नये. ‘असं का केलंत?’ विचारू नये. सल्ला देऊ नये. विषय बदलू नये. विनोदाने वेळ मारून नेऊ नये. दीड पान वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकली. एवढं सगळं टाळायचं तर मग माणसाने मुकंच व्हावं की.

५ सप्टेंबर, गुरुवार

प्रत्येकाला एक पेशंट नेमून दिलाय. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसायचं, आणि नंतर जे बोलणं झालं ते शब्दशः लिहून काढायचं. चार रकाने: पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला काय वाटलं, मी असं का म्हणाले. याला संवादनोंद म्हणतात. इतकी कसून उलटतपासणी माझ्या सासूबाईंनीही कधी घेतली नव्हती.

माझ्या वाट्याला बाइंडरबाई आल्या आहेत. वय पन्नास-बावन्न. तीस वर्षं पुस्तकबांधणी. दुकान त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि जीव द्यायचा प्रयत्न केला. बहीण छत्री विसरली म्हणून परत आली, तेवढ्याने वाचल्या. आता बहीण रोज भेटीच्या वेळी येते आणि एकच विचारते, “घरी कधी सोडणार?” डॉक्टर म्हणतात, आठवडे लागतील, आणि जीवाला जपावं लागेल.

मी जाऊन बसले. म्हटलं, “बाई, मी तुमच्यासाठी आलेय.”

त्या म्हणाल्या, “परत कधी जाणार?”

ही बाई मला आवडली.

९ सप्टेंबर, सोमवार

पहिली संवादनोंद तपासून आली. मॅडम पेन्सिलीने लिहितात, बारीक अक्षरात. पानाच्या तळाशी लिहिलंय: ‘बाई सात वाक्यं बोलल्या. तुम्ही एकतीस. त्यातले अकरा विनोद आहेत. विनोद चांगले आहेत. बाईंना बोलायला जागा कुठे होती?’ आणि त्याखाली: ‘मला काय वाटलं या रकान्यात सहाही ठिकाणी “काही नाही” लिहिलंय. खरंच?’

खरंच. काही वाटलं नाही. वाटलं असतं तर सांगायला मी काय लाजतेय?

घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. आमचं लग्न लिफ्टमध्येच जमलं. अडकले होते मी, सोडवायला आला तो, आणि नंतर अडकलं कोण यावर आमच्यात अजून एकमत नाही. तो म्हणाला, “बाई हुशार दिसतात.”

“कोण? पेशंट?”

“नाही, मॅडम.”

१२ सप्टेंबर, गुरुवार

औषधवाटपाला आज माझी पाळी. ब्रदर गोळ्या देतात, पेशंट पाण्याबरोबर घेतो, आणि विद्यार्थ्याने समोर उभं राहून म्हणायचं, “आ करा. जीभ वर. गाल दाखवा.” मग पेशंट पुढे सरकतो.

बाइंडरबाईंनी आ केला. जीभ वर केली. डाव्या गालात, दाढेच्या मागे, पांढरी कड दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ब्रदर पुढच्या पेशंटचा कागद बघत होते. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आणि मी म्हटलं, “ठीक.”

गॉझ कमी भरला म्हणून सर्जनला थांबवणारी मी!

अकरा वाजता त्यांच्याजवळ गेले. आपणहून बोलल्या. “ती गोळी घेतली की हात थरथरतो. सुईत दोरा जात नाही. माझ्या हाताला तीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं.”

“मग डॉक्टरांना सांगू या.”

“सांगा. मग गोळीऐवजी सुई टोचतील. बेसिनमध्ये थुंकते, विषय संपला. कुणाला बोलणार नाही म्हणा.”

“नाही बोलणार.”

“शपथ?”

“शपथ.”

त्यांनी माझा हात धरून दाबला. अठरा पोरांमध्ये पेशंटने इतका विश्वास टाकलेली मी एकटीच असेन. दोन-चार दिवसांत गोडीगुलाबीने त्यांचं मन वळवीन आणि मग डॉक्टरांकडे मीच घेऊन जाईन. संवादनोंदीत आज ‘हवापाण्याच्या गप्पा’ एवढंच लिहिलं.

गुडघ्याचं मी पहिल्या पानावर लिहिलंय. गुडघा दुखतो हे खोटं नाही. पण मार्चमध्ये एका ऑपरेशनला मी चिमटा पुढे केला आणि तो ट्रेच्या कडेवर वाजला. टक, टक, टक. माझ्या हाताकडे बघून सर्जननी चिमटा स्वतःच उचलून घेतला. पुढच्या सोमवारी मी गुडघ्याचं कारण देऊन अर्ज केला. नवऱ्यालाही माहीत नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

“आ करा. जीभ वर. गाल दाखवा.” ठीक.

१७ सप्टेंबर, मंगळवार

ब्रदरनी औषधाची पाळी आठवडाभर माझ्याकडेच ठेवली आहे. म्हणतात, “सिस्टर, तुमची नजर तयार आहे.” मी पायातल्या सपातांकडे बघितलं.

पण बाकी सगळं झकास. बाई एकदम खुलल्या आहेत! केस विंचरलेले, गादीवरची चादर कडक ताणलेली. वॉर्डच्या कामाच्या खोलीत त्या पोरांना वह्या शिवायला शिकवताहेत. बोथट जाडी सुई, मोजून दिलेला दोरा, खळीची वाटी, आणि दारात ब्रदर. पहिल्या बाकावरच्या मुलीची शिवण बघून म्हणाल्या, “पोरी, ही वही आहे. गाठोडं नव्हे.” सगळे हसले. बाईही हसल्या. पाच आठवड्यांत त्यांचे दात कुणी पाहिले नव्हते.

शेजारच्या पलंगावरच्या आजींना त्यांनी आपला कंगवा देऊन टाकला, शालही. “मला गरम होतं,” म्हणाल्या. दानशूरपणा हे बरं होण्याचं लक्षण आहे की नाही ते पुस्तकात बघायला हवं.

बहिणीने माझा हात हातात घेतला. “सिस्टर, तुम्ही काय जादू केलीत?”

मी म्हटलं, “गप्पा मारल्या, दुसरं काय.” खरं तर अकरा विनोदांचा हिशोब मॅडमना दाखवावासा वाटत होता.

दुपारी मॅडमचा तास होता, उदासीनतेच्या आजारावर. मी मागच्या बाकावर बसून पत्र्याच्या आरशावर एक चुटका जुळवत होते, त्यामुळे टिपणं तुटक आहेत. ‘अगदी खोल असताना हालचालीचंही बळ नसतं... जडपणा एकाएकी उतरला तर आनंद मानायची घाई करू नये... कधी कधी निर्णय झाला की माणूस शांत होतो.’ पुढे काहीच नाही. चुटका मात्र चांगला जमला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज बाईंनी मला भेट दिली. नियमाने घेता येत नाही, पण नाही म्हणवेना. घडी मारायची लाकडी पट्टी, वीतभर लांब, हाताच्या घामाने काळी गुळगुळीत झालेली. टोक बोथट आहे म्हणून ब्रदरनी ती त्यांच्याजवळ राहू दिली होती. त्यांच्या गुरूची होती. तीस वर्षं रोज हातात.

“मला आता लागणार नाही,” म्हणाल्या. “तुम्ही ठेवा. कागदाची घडी हाताने मारू नये. हात खोटं बोलतो.”

पर्समध्ये घालून आणली. कुणी शिष्याला गादी द्यावी तसं वाटलं. उद्या-परवा मॅडमना विचारीन, ‘मला काय वाटलं’ या रकान्यात ‘अभिमान’ लिहिलेलं चालेल का.

सोमवारी त्यांना डॉक्टरांच्या गोळीचं समजावून सांगणार. नक्की.

२२ सप्टेंबर, रविवार

हात अजून ताळ्यावर नाही, अक्षर वाचता येईल तेवढं लिहिते.

दुपारचं जेवण उरकलं होतं. मी टेबलावर जुन्या कागदांच्या घड्या मारत होते, लाकडी पट्टीने. नवरा समोर पेपर वाचत होता. म्हणाला, “हे काय नवीन?”

मी सगळं सांगितलं. कोणाची, कशी, गुरूची, तीस वर्षं. जरा रंगवूनच.

त्याने पट्टी उचलली. अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय त्यात अंगठा ठेवून बघितला. म्हणाला, “आणि ही तुला दिली? देऊन टाकली?”

“हो. लागणार नाही म्हणाल्या.”

त्याने पट्टी जपून खाली ठेवली. मग म्हणाला, “आमच्यात माणूस बायकोचे दागिने देईल पण आपला पाना देत नाही. ज्याला उद्या कामावर जायचंच नसतं, तोच देतो.”

माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक दारं उघडत गेली. कंगवा. शाल. ताणलेली चादर. हसू. गालातली पांढरी कड, पाच सकाळी. बेसिनमध्ये थुंकते म्हणाल्या, आणि मी ते एकदाही बघितलं नाही.

फोन लावला. ब्रदर ड्यूटीवरच होते. मी म्हटलं, “बाइंडरबाई गोळ्या गिळत नाहीत. मला दहा दिवसांपासून माहीत आहे.” पलीकडून फक्त, “त्या माझ्या समोर आहेत. या तुम्ही.”

नवऱ्याने गाडी काढली. वाटेत मीच सांगितलं, चिमट्याचं, ट्रेचं. तो म्हणाला, “माहीत होतं. तू चहाचा कप आता दोन हातांनी धरतेस.”

मी पोचले तेव्हा बाई पलंगावर बसल्या होत्या आणि ब्रदर शेजारच्या स्टुलावर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. आवाज नेहमीचा. ते म्हणाले, “बाई, सरळच विचारतो. जीव द्यायचा विचार आहे का?”

मला वाटलं, हे असं तोंडावर विचारतात? विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरत नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. मला ते पुस्तकी वाटलं होतं.

बाई म्हणाल्या, “आहे.”

“केव्हा?”

“मंगळवारी. बहिणीचा वाढदिवस उद्या आहे. तो होऊ द्यायचा होता.”

त्यांनीच बोट दाखवलं. उशाशी त्यांनी शिवलेली वही होती. पाठीला कापड, वर कागद, रेघेसारखी सरळ बांधणी. ब्रदरनी पाठीवरचा कागद उकलला. आतल्या पोकळीत गोळ्या ओळीने बसवल्या होत्या. इतकं नेटकं काम. किती ते लिहीत नाही. ब्रदर मोजत असताना बाई म्हणाल्या, “नीट मोजा. तुम्हाला आवडतं.”

मग माझ्याकडे वळल्या. “शपथ घेतली होतीत ना?”

मला एकही विनोद सुचला नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

बाईंचा पलंग आता ब्रदरच्या टेबलासमोर. सतत कुणीतरी हातभर अंतरावर. डॉक्टर आले, हाताची थरथर विचारली, औषध बदललं, थरथरीवर वेगळी गोळी दिली. सगळं मिळून सात मिनिटं लागली. ज्यासाठी मी दहा दिवस गुपित पोटात घेऊन फिरत होते, ते सात मिनिटांचं काम होतं.

बहीण वाढदिवसाचे कपडे घालून आली होती. तिला डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या बाजूने जाताना तिने फक्त पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

ब्रदरनी घटनेचा अहवाल लिहिला, मी सही केली. “पाच दिवस, सिस्टर,” ते म्हणाले. “पाच दिवस तुम्ही ‘ठीक’ म्हणालात आणि मी पुढचा कागद उलटला. आता इतक्या दिवसांच्या सगळ्यांच्या ‘ठीक’वर मला विश्वास ठेवता येत नाही.” ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मॅडमच्या टेबलावर मी लाकडी पट्टी ठेवली आणि म्हटलं, अभ्यासक्रम सोडते. त्यांनी यादीचं तिसरं पान काढलं, जे मी न वाचताच घडी घालून ठेवलं होतं. सहावा मुद्दा: गुप्ततेचं वचन देऊ नये. ‘तुमच्या जीवाशी संबंधित असेल ते मला टीमला सांगावं लागेल’, हे पेशंटचं ऐकण्याआधी सांगावं.

“तुम्ही शपथ का घेतलीत?”

मी हात दाखवला. टेबलावर सरळ ठेवला, तसा तो हलायला लागला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. “म्हणजे दया तुम्हाला आलीच होती,” त्या म्हणाल्या. “फक्त ती बाईंची नव्हती.”

असं कुणी माझ्या तोंडावर कधी बोललं नाही. तेही इतक्या हळू आवाजात.

“आधी तो हात डॉक्टरांना दाखवा. आणि सोडून जायचं असेल तर जा. राहायचं असेल तर रोज अकरा वाजता बाईंजवळ बसा. दहा मिनिटं. बसताना सांगा, किती वेळ बसणार. दहा झाली की उठा. विनोद नाही, प्रश्न नाही, माफी नाही.”

“माफीसुद्धा नाही?”

“माफी मागितली की त्यांना तुमची समजूत घालावी लागेल.”

२४ सप्टेंबर, मंगळवार

“बाई, मी अकरा ते अकरा दहा इथे बसणार आहे.”

त्या कूस बदलून भिंतीकडे वळल्या.

दहा मिनिटं किती असतात याची मला कल्पनाच नव्हती. दोन मिनिटांत जिभेला घाम फुटला. तिसऱ्या मिनिटाला हवामानाबद्दल एक वाक्य ओठांपर्यंत आलं, गिळलं. त्यांच्या पाठीवरच्या झग्याची शिवण मोजली. सहाव्या मिनिटाला कळलं, की मी श्वास त्यांच्याबरोबर घेतेय.

“दहा मिनिटं झाली. उद्या अकराला येते.”

भिंत काही बोलली नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

हाताचे डॉक्टर म्हणाले, घातक काही नाही, वाढायला वर्षं लागतील, सुया-चिमटे बंद. मार्चपासून मी स्वतःला पुरून मोकळी झाले होते. इथेही सात मिनिटंच लागली.

अकरा ते अकरा दहा. भिंत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत? त्या बघतसुद्धा नाहीत.”

म्हटलं, “थिएटरमध्ये बावीस वर्षं माझ्याकडे कुणी बघितलं नाही.” ती हसली. मग तिला खरं सांगितलं, की कंटाळा येत नाही, भीती वाटते. कुठल्या दिवशी जाईन आणि पलंग रिकामा असेल, अशी.

ती म्हणाली, “हे त्या रकान्यात लिहिलंत?”

चोंबडी कार्टी. लिहिलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

चौथ्या मिनिटाला आवाज आला.

“पाय हलवू नका. पलंग हलतो.”

मी पाय थांबवला. अकरा दहाला उठले. जिन्यात जाऊन रेलिंग धरून उभी राहिले. ब्रदर वर येत होते. म्हणाले, “काय झालं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “काल मलाही म्हणाल्या, चमचे हळू मोजा.” आणि पुढे गेले. पण दोन पायऱ्यांवर थांबून म्हणाले, “मंगळवारी औषधाला उभ्या राहाल? मी शेजारी असेन.”

८ ऑक्टोबर, मंगळवार

“आ करा. जीभ वर. गाल दाखवा.” ब्रदर माझ्याकडे बघत होते. मी बॅटरीने दाढेमागे बघितलं, डावीकडे, उजवीकडे. बाई म्हणाल्या, “दातही मोजून घ्या.” मी म्हटलं, “जीभ परत वर.” मगच पुढे सरकू दिलं.

अकरा वाजता त्या भिंतीकडे नव्हत्या, छताकडे होत्या. पाचेक मिनिटं गेली. मग म्हणाल्या, “बहीण बोलत नाही तुमच्याशी?”

“नाही.”

“माझ्याशी खूप बोलते. तेही बरं नसतं.”

एवढंच. मॅडमनी नोंदीखाली लिहिलं: ‘बाई तीन वाक्यं. तुम्ही एक शब्द.’ शेजारी पेन्सिलीने काही खोडलेलं होतं. उजेडात धरलं तर ‘शाबास’ दिसतं. खोडलं का कुणास ठाऊक.

१० ऑक्टोबर, गुरुवार

उद्या परीक्षा. आजचं लिहिते आणि पुस्तक उघडते.

सकाळी बाईंनी चहा तसाच ठेवला होता, तो बघितला. अकरा वाजता गेले. “मी अकरा ते अकरा दहा...”

“बसा,” त्या म्हणाल्या.

बसले. बाई गादीच्या काठावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली. खिडकीतून उन्हाचा तुकडा जमिनीवर पडला होता, त्याकडे बघत होत्या. मी गप्प. पाच मिनिटं. सहा.

“बहीण म्हणते, दिवाणखान्यात माझा पलंग लावलाय. नवीन पडदे शिवलेत. सोमवारी थोड्या वेळासाठी घरी नेणार म्हणते, डॉक्टर हो म्हणाले तर.”

मी मान हलवली.

“तिला बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं.” मग जमिनीकडे बघतच, “काल संध्याकाळपासून पुन्हा तसंच वाटतंय. शटर ओढताना वाटलं होतं तसं.”

जिभेवर जुन्या सवयीची चार वाक्यं तयार होती. बाई, असं बोलू नका. अहो, पडदे तरी बघा. सगळं ठीक... गिळली.

“जीव द्यायचा विचार आहे?”

“विचार आहे. काही जमवलेलं नाही. या वेळी खरंच नाही.” आता त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या सकाळी गाल दाखवताना बघितलं होतं तसंच, रेघ न हलवता. “हे तुम्ही सांगणार ना?”

“हो. ब्रदरना. डॉक्टरांना. आत्ताच.”

“मी शपथ घातली तरी?”

“तरी.”

“माहितीये,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला सांगितलं. बहीण पोटात ठेवते आणि मग तिला झोप लागत नाही.”

मी उठले. त्यांना एकटं ठेवून जायचं नव्हतं, म्हणून हात पुढे केला. माझा हात थरथरत होता. त्यांनी तो बघितला, काही म्हणाल्या नाहीत, आणि धरून उभ्या राहिल्या. ब्रदरचं टेबल दहा पावलांवर, पण आम्हाला बराच वेळ लागला. त्या मध्ये दोनदा थांबल्या. मी थांबले.

ब्रदर लिहीत होते. मान वर करून त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी तोंड उघडणार, तर बाई म्हणाल्या, “थांबा. मीच सांगते.”

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.